झोपेतला खर्च

मिंग सारोम, माझी मावशी, मिरी वाळवतेय.
काम्पोटचं ऊन, बांबूची चटई,
ती दाण्यांतून अनवाणी पाय ओढत जाते, परत येते,
जणू हिरव्याला काळं व्हायला
तिच्या टाचांची परवानगी लागते.

मी तुलूझहून आले आहे, तीन आठवड्यांच्या रजेवर.
तिथे मी सशाच्या मांडीतला एक तंतू,
केसाहून बारीक,
दोन चिमट्यांमध्ये धरून ठेवते
आणि त्याला काही करू देत नाही.
काहीही न करणाऱ्या स्नायूला
किती खर्च येतो
ते मोजायचं, हे माझं काम.

"आणि याचा पगार देतात?"
देतात, मिंग.

मग तिला समजावते.
ख्मेरमध्ये शब्द सापडत नाहीत तिथे हातांनी.
स्नायूच्या आत नावाडी असतात, लाखो,
प्रत्येकाच्या हातात एक वल्हं.
आपण बसलो की त्यातले कितीतरी
वल्ह्यावर मान टाकून निजतात,
इतके गाढ की जेमतेम श्वासापुरतं खातात.
आणि मिऱ्यात ते असतं ना, जिभेला चावणारं,
ते जाऊन त्यांच्या मानेशी बसतं.
झोप चाळवते.
नाव हलत नाही, कुठे जायचंच नसतं,
पण डोळे उघडे राहतात
आणि जागरणाला तेल लागतं.
ते तेल उद्या चरबीतून येईल, असं म्हणतात.
म्हणतात. माझ्या बशीत नावाडी जागे होतात खरे,
पण बशीला पोट नसतं.

मावशी ऐकते. पाय थांबत नाहीत.

"परवा एक गिऱ्हाईक आलं होतं.
पांढरे बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ.
रोज किती दाणे खाल्ले की पोट उतरतं, विचारत होता.
मी म्हटलं, बाबा, ही गोणी घे,
नदीपर्यंत नेऊन परत आण.
मिरी नाही खाल्लीस तरी चालेल."

हसते.
मग वाकून एक खडा वेचते, लांब फेकते,
आणि पुढचं त्या खड्याच्या दिशेनं बोलते.

"त्या वर्षांत वेल उपटून भात लावला इथे.
भातही आम्हाला दिला नाही.
चार वर्षं डोक्यावर मिरे वाटले आमच्या
आणि मिऱ्याचा एक वेल शिल्लक ठेवला नाही.
पेजेतली शितं मोजायचो आम्ही.
माझी अकरा, कोलापची नऊ.
ती लहान होती ना.

रात्री मी हलायची नाही.
कूस बदलली तर उद्याची ताकद जाईल, असं वाटायचं.
डास बसला तर बसू द्यायचा.
कोलाप मात्र स्वप्नात पळायची.
लाथा मारायची, मला लागायच्या.
मी तिला धरून ठेवायची, अशी,"
आणि मावशी रिकाम्या हवेला मिठी मारते,
"सुटायची तरी."

चटईच्या कडेला कोंबडी आलेली असते.
मावशी तिला हुसकत नाही.

"तुझे ते निजलेले नावाडी," ती म्हणते,
"माझे चांगले निजत असणार."

मी काय म्हणणार.
माझ्या वहीत त्यांच्या झोपेला एक आकडा आहे,
दशांश चिन्हानंतर तीन घरं.

दुपारी खेकडे आणले केपहून,
हिरव्या मिऱ्यांचे घोस कढईत तडतडले,
लिंबात कुटलेली मिरी आणि मीठ, त्यात बोट बुडवून
मावशीनं माझ्या तोंडात घातलं, मी लहान असल्यासारखं.
डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचं.

आता ती झोपाळ्यात निजली आहे.
टाचांच्या भेगांत मिऱ्याची काळी पूड,
अंगावर चौकटीचा क्रमा,
आणि बोटही हलत नाही,
माशी ओठावर बसते, उठते, पुन्हा बसते,
पंचेचाळीस वर्षं झाली तरी
उद्यासाठी राखून ठेवतेय काहीतरी.

माझं घड्याळ उशाशी आहे.
सवयीनं हात जातो.
मोजत नाही.